खाशाबा जाधव विरुद्ध अमन सेहरावत: दोघांची कुस्ती लागली असती तर कोण जिंकलं असतं?

जत्रेतली शेवटची कुस्ती निकाली होते आणि पारावर दुसरी सुरू होते. ‘मारुती मान्यांसमोर आजची पोरं टिकली नसती,’ असं आजोबा म्हणतात, तर नातू मोबाइलवर आजच्या पैलवानाचा रील पुढे करतो. डोळखांब असो, म्हसा असो की कराड, हा वाद सगळीकडे रंगतो. पण वेगवेगळ्या काळातल्या दोन खेळाडूंची अशी तुलना करता येते का?

जगात हा प्रयोग झालाय का?

झालाय, बॉक्सिंगमध्ये. मुहम्मद अली आणि रॉकी मार्सियानो हे दोघंही व्यावसायिक कारकिर्दीत तोवर एकही लढत न हरलेले हेवीवेट विजेते. पण मार्सियानो निवृत्त झाल्यावर अलीचा उदय झाला. १९६९ मध्ये दोघांना रिंगमध्ये उभं करून लुटुपुटूच्या फेऱ्यांचं चित्रीकरण झालं आणि निकाल संगणकाकडून काढला गेला. अमेरिकेत दाखवलेल्या फिल्ममध्ये मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला, तर युरोपातल्या आवृत्तीत अली. म्हणजे प्रेक्षक बदलले तसा निकालही बदलला!

मग खाशाबा आणि अमनच का?

कारण दोघांचा वजनगट एकच, ५७ किलो फ्रीस्टाइल. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हरियाणाच्या अमन सेहरावतनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच वजनात तेच पदक मिळवलं. खाशाबा तेव्हा २६ वर्षांचे होते, अमन २१ वर्षांचा.

आणखी एक योगायोग म्हणजे दोघांनाही जपानच्या सुवर्णविजेत्यांनी हरवलं. खाशाबांना शोहाची इशी यांनी, अमनला रेई हिगुचीनं.

आजच्या नियमांनी लढत झाली तर?

आज लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. प्रतिस्पर्ध्याला वर्तुळाबाहेर ढकललं तरी गुण मिळतो आणि १० गुणांची आघाडी घेतली की लढत तिथंच संपते. खाशाबांच्या काळात लढती लांब चालायच्या आणि चितपट झाली नाही तर पंचांच्या कौलावर निकाल लागायचा. शिवाय खाशाबा घडले ते लाल मातीत. मातीत पाय रुततो आणि पकडीला वेळ मिळतो, मॅटवर मात्र पायांची चपळाई लागते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटचा फारसा सराव नसताना ते सहावे आले होते.

त्यामुळे १९५२ चे खाशाबा जसेच्या तसे आजच्या मॅटवर उतरले, तर पारडं अमनकडेच झुकेल. गुण कसे जमवायचे आणि आघाडी कशी राखायची, हे त्याच्या अंगवळणी पडलंय.

मातीत आणि निकाली कुस्ती झाली तर?

इथं गणित फिरतं. घड्याळ नाही, गुण नाहीत, पाठ टेकेपर्यंत कुस्ती. खाशाबांचा हुकमी डाव होता ढाक, म्हणजे मानेला पकड घालून समोरच्याला अंगावरून फेकणं. ही पकड एकदा बसली की गुणांची आघाडी काय कामाची?

आखाडा बदलला की काय होतं, याचं खरं उदाहरण गामा आणि झबिस्को. १९१० मध्ये लंडनच्या मॅटवर पोलंडचा झबिस्को बचाव करत पडून राहिला आणि अडीच तासांनंतरही निकाल लागला नाही. १९२८ मध्ये हेच दोघं पतियाळाला मातीत भिडले. तिथं गामानं एका मिनिटाच्या आत झबिस्कोला अस्मान दाखवलं.

तुलनेत काय सुटतं?

पैलवानामागची व्यवस्था. पॅरिसमध्ये उपांत्य लढतीनंतर अमनचं वजन वाढलं होतं. प्रशिक्षकांनी रात्रभर मेहनत करून घेतली आणि साधारण १० तासांत ४.६ किलो वजन उतरवलं. हेलसिंकीत खाशाबांच्या मागं असं पथक नव्हतं. इशी यांच्याशी दमवणारी लढत झाल्यावर पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्याशी लढावं लागलं. नियमानुसार मिळायची विश्रांती मागायला तिथं त्यांच्या बाजूनं कुणी अधिकारीच हजर नव्हता. ती लढत ते हरले.

मुळात त्यांना हेलसिंकीला पोहोचणंही सोपं नव्हतं. प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले.

मग शेवटी मोठं कोण?

याचं उत्तर काल्पनिक लढतीतून मिळत नाही. त्यातल्या त्यात न्याय्य कसोटी एकच: आपल्या काळात, हाताशी असलेल्या साधनांत, जगात कितवा? त्या कसोटीवर दोघंही तिसरे. फरक इतकाच की खाशाबांनंतर कुस्तीतलं पुढचं ऑलिंपिक पदक यायला २००८ उजाडलं. सुशील कुमारनं ते जिंकलं, तेव्हा ५६ वर्षं उलटली होती आणि खाशाबांना जाऊन २४ वर्षं झाली होती.

त्यामुळे पुढच्या वेळी पारावर हा वाद निघाला, तर ‘कोण जिंकलं असतं’ याआधी एक प्रश्न नक्की विचारा: कुस्ती मातीतली की मॅटवरची, आणि कुणाच्या मागं कोण उभं होतं?