पैसा कोणाचा, हे कोणाला सांगायचं?

मंडळी, आपल्या जामखेडच्या पुढे धाराशिव जिल्हा लागतो, तेव्हाचा उस्मानाबाद. तिथल्या गावांमध्ये 1999 साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक फार मोठं संशोधन सुरू झालं. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी ते केलं. पैसा बिल आणि मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचे चार गट केले. तीन गटांना तीन वेगवेगळ्या तपासण्या. चौथ्याला तपासणी नाही, नेहमीची आरोग्यसेवा तेवढी.

निष्कर्ष 2009 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे 34 मृत्यू, चौथ्या गटात 64. जवळपास निम्मे!

आता, लेखकांनी पैशाचे संबंध जाहीर करावेत हा नियम याच नियतकालिकानं 1984 मध्ये, इतरांच्या आधी आणला. म्हणून पैसा कुणाचा हे निबंधात छापलेलं असतं. औषध कंपनीचं नाव असतं तर आपण लगेच कान टवकारले असते. इथे देणारी धर्मादाय संस्था, मग संशय कशाला?

पण हितसंबंध म्हणजे फक्त पैसा का हो? तपासणीचा उपयोग आकड्यात दाखवायचा, तर तपासणी न झालेल्या बायका लागतात. ते 64 मृत्यू मोजल्याशिवाय उत्तरच निघत नाही. संशोधकाचा हा हितसंबंध लिहायला रकाना नाही.

संशोधकांची बाजूही ऐकू या. त्या गावांत तपासणीची सोय मुळातच नव्हती, तेव्हा कुणाचं काही काढून घेतलं नाही, असं ते म्हणतात. अमेरिकी डॉक्टर एरिक सुबांनी 2014 मध्ये मुंबईच्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये याला हरकत घेतली. पॅप तपासणीनं मृत्यू घटतात हे कित्येक दशकं ठाऊक असताना ‘काहीच नाही’शी तुलना कशाला? मला सुबांचं पटतं. गरिबीमुळे जे मिळत नाही त्याला ‘नेहमीची सेवा’ म्हटलं, की प्रश्नच मिटतो ना!

2009 पासून आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदणी सक्तीची झाली. त्यात पैसा कुणाचा आणि तुलना कशाशी, हे दोन्ही लिहावं लागतं. कुणीही मोबाइलवर उघडून बघावं. इंग्रजीत आहे, बरं का.