संगणकाच्या तटाची डागडुजी

वसईचा किल्ला ज्यांनीं पाहिला आहे त्यांना त्याची रचना आठवत असेल. तीन अंगांनीं खाडीचें व समुद्राचें पाणी, आणि एका अंगास तेवढी जमीन. १५३४ सालीं गुजराथच्या बहादूरशहाकडून वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे आला आणि पुढें दोनशें वर्षें उत्तर कोंकणांतील त्यांच्या सत्तेचें हें मुख्य ठाणें होतें. १७३९ सालीं चिमाजीआप्पांच्या फौजेनें किल्ल्यास जो वेढा घातला तो फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चालला. मराठ्यांचा जोर होता तो जमिनीच्या अंगास. त्यांनीं तटाखालीं सुरुंग खणले, सान सेबास्तियन नांवाच्या बुरुजास खिंडार पाडलें आणि मे महिन्यांत किल्ला हस्तगत केला. तट उंच होता, रुंद होता, त्यावर तोफा होत्या. परंतु आंत शिरण्यासाठीं सबंध तट पडावा लागत नाहीं. एक खिंडार पुरतें. पुढें १७८० च्या डिसेंबरांत हाच किल्ला जनरल गॉडर्डनें मराठ्यांकडून इंग्रजांसाठीं घेतला.

वसई-विरार परिसरांत आज घरोघरीं एक लहानसा कोट उभा आहे. तो म्हणजे घरचा संगणक. पूर्वीं जी कागदपत्रें लोखंडी पेटींत किंवा कपाटाच्या खणांत कुलपाआड असत, तींच आतां या यंत्रांत असतात. बँकेचें खातें, आयकराचें विवरण, घराच्या कराराची प्रत, मुलांचीं गुणपत्रकें, गेलेल्या वडील मंडळींचीं छायाचित्रें, सर्व त्यांतच. मुंबईस लोकलनें जाऊन दिवसभर राबणाऱ्या माणसाची आयुष्याची पुंजी अशा रीतीनें एका पडद्यामागें साठलेली असते. या कोटाचें रक्षण कसें होतें आणि तें कोठें चुकतें, याचा इतिहास चाळीस वर्षांचाच आहे; परंतु त्यांतील एक धागा थेट मराठी भाषेशीं जाऊन भिडतो. तो बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

प्रथम कोटाची व्यवस्था पाहूं. संगणकांत पत्रें लिहिणारा, हिशोब ठेवणारा, चित्रें दाखविणारा असे निरनिराळे प्रोग्राम असतात. त्या सर्वांचा यंत्राशीं व्यवहार चालतो तो एका कारभाऱ्यामार्फत. या कारभाऱ्यास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपल्याकडे घरगुती संगणकावर त्यांतली विंडोज ही सर्वांत परिचित. कोणास आंत घ्यावें, कोणास अडवावें, कोणती फाइल कोणास दाखवावी, हे सर्व नियम या कारभाऱ्याच्या हातीं. असे नियम कोट्यवधि ओळींत लिहिलेले असतात, आणि मनुष्यानें एवढें लिहिलें म्हणजे त्यांत चुका राहणारच. त्यांपैकीं कांहीं चुका म्हणजे तटांतलीं खिंडारें होत. चूक ध्यानांत आली कीं कंपनी तिची दुरुस्ती लिहून सर्वांस पाठविते. अपडेट म्हणतात तें हेंच.

आरंभीं या क्षेत्रांतला शत्रु पायीं चालणारा होता. १९८६ सालीं लाहोर येथील दोन भावांनीं लिहिलेला 'ब्रेन' नांवाचा व्हायरस फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जाई. एका कचेरींतील फ्लॉपी दुसऱ्या कचेरींत नेली तरच रोग पसरे. याच काळांत पुण्यांत कॅलक्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर संगणक दुरुस्तीकडे वळले. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं दुकानांत येणाऱ्या यंत्रांतील व्हायरस काढून टाकणारे प्रोग्राम लिहिले, आणि त्यांतूनच १९९० नंतरच्या दशकांत 'क्विक हील' हा पुण्याचा अँटिव्हायरस जन्मास आला. रोग झाला कीं वैद्य बोलवावा, असा तो काळ होता.

घरोघरीं इंटरनेट आलें आणि शत्रूस वाहन मिळालें. १६ जुलै २००३ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका मोठ्या चुकीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. त्यानंतर सव्वीस दिवसांनीं, ११ ऑगस्ट रोजीं, नेमक्या त्याच चुकीतून शिरणारा 'ब्लास्टर' जगभर पसरला. त्यास फ्लॉपी लागत नव्हती, कीं कोणी एखादें पत्र उघडावें लागत नव्हतें. संगणक इंटरनेटला जोडलेला आणि दुरुस्तीवांचून राहिलेला असणें एवढेंच पुरें होतें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टनें दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं दुरुस्त्या पाठविण्याचा प्रघात पाडला. यांत एक विचित्र गोष्ट आहे. दुरुस्ती जाहीर झाली म्हणजे खिंडार कोठें आहे हेंहि जाहीर होतें. ज्यानें ती बसविली तो सुरक्षित. ज्यानें बसविली नाहीं त्याच्या तटाचा कच्चा भाग शत्रूस आतां नकाशावर दिसूं लागतो.

दुरुस्ती मोफत मिळते, घरबसल्या मिळते, तरी लोक ती कां बसवीत नाहींत? आळस हें उत्तर सोपें आहे, पण पुरें नाहीं. अनेकांना भय असतें तें हें, कीं कारभारी बदलला तर जुनीं कामें चालतील काय? आणि मराठींत काम करणाऱ्या माणसाचें हें भय निष्कारण नव्हतें.

संगणक आले ते रोमन लिपि घेऊन. देवनागरी त्यांत बसविण्याचे पहिले मोठे प्रयत्न कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें झाले. पुण्यास १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर तिनें 'जिस्ट' या नांवानें तें काम पुढें नेलें. संगणकांत एक जादा कार्ड बसविलें कीं पडद्यावर मराठी उमटे. भारतीय लिप्यांसाठीं 'इस्की' हें प्रमाण सरकारी मानक संस्थेनें १९९१ सालीं ठरविलें. परंतु छपाईच्या बाजारानें निराळीच वाट धरली. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा नांवांचे फॉन्ट आले. यांपैकीं बहुतेकांची युक्ति एकच होती. संगणकास वाटे कीं आपण इंग्रजी अक्षर साठवीत आहों. फॉन्ट मात्र त्या अक्षराच्या जागीं मराठी अक्षराचें चित्र दाखवी. कोणत्या इंग्रजी अक्षरावर कोणतें मराठी अक्षर बसवावें, हें ज्याचें त्यानें ठरविलें. परिणाम असा झाला कीं एका फॉन्टमधील लग्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली तर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग दिसे.

या फॉन्टांभोंवतीं छपाईची एक सबंध व्यवस्था उभी राहिली. पेजमेकर या प्रोग्रामवर मासिकें, स्मरणिका, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकें जुळविलीं गेलीं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ति २००१ सालची. पुढें तो वाढविणें कंपनीनें सोडून दिलें. कांहीं मराठी संचांना तर संगणकाच्या पाठीमागें डोंगल नांवाचें एक लहानसें कुलूप जोडावें लागे, आणि नव्या संगणकांना तें जोडण्याची जागाच राहिली नाहीं. म्हणून कित्येक छापखान्यांनीं, शाळांनीं व संस्थांनीं जुना संगणक, जुनी विंडोज, जुना फॉन्ट अशी त्रिकुटी जशीच्या तशी जपून ठेविली. कारभारी बदलला तर वीस वर्षांचें दप्तर मुकें होईल, ही त्यांची खरी अडचण होती. अशा रीतीनें मराठी मजकुरानेंच मराठी माणसास जुन्या, कच्च्या तटाच्या आंत बांधून ठेविलें.

यांतून सुटण्याची वाट युनिकोडनें दाखविली. जगांतील प्रत्येक लिपींतील प्रत्येक अक्षरास स्वतःचा क्रमांक देणारी ही पद्धति. १९९१ च्या तिच्या पहिल्याच आवृत्तींत देवनागरी होती, आणि त्या देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधारें केलेली होती. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या कारभाऱ्यास युनिकोडमधील मराठी कळूं लागली. तीबरोबर आलेला 'मंगल' हा फॉन्ट मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें अक्षरकला शिकविणारे कवि व सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. मराठीच्या बारीकसारीक गरजा पुऱ्या होण्यास मात्र वेळ लागला. वसईच्या किनाऱ्यावरचा माणूस 'दर्या' म्हणतो तेव्हां त्यास समुद्र अभिप्रेत असतो, आणि सह्याद्रींतला माणूस 'दऱ्या' म्हणतो तेव्हां खोल खोरीं. दोहोंतला भेद त्या एका अर्ध्या र च्या रूपांत आहे. हा मराठीचा खास र युनिकोडमध्यें निराळ्या रीतीनें लिहावा लागतो, आणि तो नीट न दाखविणारे प्रोग्राम बरींच वर्षें वापरांत होते. छपाईसाठीं वापरल्या जाणाऱ्या इनडिझाइन या प्रोग्रामांत तर भारतीय लिप्यांची सोय २०१२ सालीं आली. तोंवर पेजमेकर सोडा, असें छापखान्यास सांगणें सोपें नव्हतें.

इकडे मुदती संपत होत्या. २००१ सालीं आलेल्या विंडोज एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजीं बंद झाल्या. संगणक चालत राहिले. डागडुजी करणारा गवंडी तेवढा निघून गेला. याचा अर्थ काय होतो तें २०१७ सालीं जगास कळलें. त्या वर्षीं १४ मार्च रोजीं मायक्रोसॉफ्टनें एका गंभीर चुकीची दुरुस्ती दिली. १२ मे रोजीं, म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांनीं, त्याच चुकीतून 'वॉनाक्राय' शिरला. सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरील फाइली त्यानें कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठीं खंडणी मागितली. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांना रोगी परत पाठवावे लागले. बळी पडलेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, म्हणजे ज्यांना दुरुस्ती मिळत होती पण बसविली गेली नव्हती असे. एक्सपीसाठीं तर मायक्रोसॉफ्टला मुदत संपून तीन वर्षें झाल्यावर खास दुरुस्ती काढावी लागली.

पुढच्याच महिन्यांत हें संकट महाराष्ट्राच्या किनाऱ्यास लागलें. २७ जून २०१७ रोजीं युक्रेनमधून 'नॉटपेट्या' सुटला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरचे संगणक त्यानें निकामी केले. तिच्या समूहाकडून न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील गेटवे टर्मिनल चालविलें जात होतें. तेथील कामकाज थांबलें. यारी होत्या, धक्का होता, कामगार होते. कोणता कंटेनर कोणाचा व तो कोठें न्यावयाचा, हें सांगणारा संगणक मात्र मुका झाला होता.

नॉटपेट्याच्या प्रकरणांत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी, कीं तो युक्रेनमधील एका हिशोबाच्या प्रोग्रामच्या अपडेटांतूनच आंत आला. शत्रूनें गवंड्याच्या थैलींतच सुरुंग ठेविला होता. शिवाय एका संगणकांत शिरल्यावर तो तेथील सांकेतिक शब्द चोरी, आणि शेजारच्या दुरुस्त केलेल्या संगणकांतहि शिरे. तेव्हां अपडेट आवश्यक आहे, पण केवळ तेवढ्यानें भागत नाहीं. दुसरी गोष्ट मर्स्क कशी सावरली ही. सर्व संगणकांची ओळख सांभाळणारी जी मुख्य नोंद तिच्या प्रती जगभर नष्ट झाल्या होत्या. एकच वांचली, ती आफ्रिकेंतील घाना देशांत. कारण हल्ल्याच्या वेळीं तेथें वीज गेली होती व तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता. तेवढ्या एका प्रतीवरून कंपनीनें आपला डोलारा पुन्हां उभा केला आणि सुमारें दहा दिवसांत ४५,००० संगणक नव्यानें सिद्ध केले. मर्स्कसारख्या कंपनीस जें दैवयोगानें मिळालें तें घरच्या माणसास योजनेनें मिळवितां येतें. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून कपाटांत ठेविली कीं झालें.

आतां पुन्हां एक मुदत उलटली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० च्या सर्वसाधारण दुरुस्त्या संपल्या. पुढें जी वाढीव मुदत मिळाली ती त्यासाठीं नांव नोंदविणारांपुरती. २०२१ सालीं आलेली विंडोज ११ ही संगणकांत टी. पी. एम. २.० नांवाची सुरक्षेची सोय मागते, आणि पुष्कळ जुन्या, धडधाकट यंत्रांत ती नसते. म्हणून नवा संगणक घ्यावा, किंवा त्याच यंत्रावर लिनक्ससारखा मोफत कारभारी नेमावा, किंवा जुनें यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ जुन्या दप्तरापुरतें वापरावें, असे मार्ग उरतात. कोणताहि मार्ग धरला तरी क्रम महत्त्वाचा आहे. आधीं सर्व फाइलींची प्रत बाहेर काढावी. मग जुन्या फॉन्टांतील मराठी मजकूर, जुनें यंत्र व जुना फॉन्ट चालू आहे तोंवरच, युनिकोडमध्यें बदलून घ्यावा आणि मूळाशीं ताडून पाहावा. जोडाक्षरें व र यांच्या ठिकाणीं चुका राहतात. कारभारी बदलावा तो त्यानंतर, आणि त्याचे अपडेट आपोआप येऊं द्यावेत. मूळ कंपनीखेरीज दुसऱ्या कोणी 'आपला संगणक धोक्यांत आहे' असें सांगून पाठविलेली दुरुस्ती मात्र घेऊं नये.

वसई, पालघर, ठाणें या भागांतील संस्थांच्या स्मरणिका, शाळांचे वार्षिक अंक, चर्चमधील व देवळांतील उत्सवांच्या पत्रिका, कोणा आजोबांनीं टंकून ठेविलेली वंशावळ, असा कितीतरी मजकूर अजून जुन्या फॉन्टांत व जुन्या यंत्रांत पडून आहे. तो चोरीस गेला तर हळहळ वाटेल. परंतु ज्या यंत्रावर तो वाचतां येतो तें शेवटचें यंत्र एके दिवशीं बंद पडलें, तर तो चोरीशिवायच जाईल. तो बाहेर काढण्यास लागतो तो एखाद्या सुट्टीचा दिवस आणि शंभर-दोनशें पानें तपासण्याची चिकाटी.