नव्या कोल्हापूरकरांसाठी : पानात काय, गावात कुठे?

कोल्हापूर : बदलीची ऑर्डर हाती पडली की पहिली चौकशी घराची होते, दुसरी मुलांच्या शाळेची आणि तिसरी जेवणाची. कोल्हापुरात येणाऱ्यांची संख्या गेल्या काही काळात वाढली आहे. बँका, विमा कंपन्या व सरकारी कार्यालयांतील बदल्या नेहमीच्याच. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात शिकण्यासाठी दरवर्षी विद्यार्थी येतात. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच येथे सुरू झाले आणि कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांतील वकील, कर्मचारी आणि पक्षकार यांची या शहरात ये-जा सुरू झाली.

बाहेरून येणाऱ्या बहुतेकांच्या मनात या शहराविषयी दोनच गोष्टी पक्क्या असतात. अंबाबाईचे दर्शन आणि झणझणीत मटण. दोन्ही खऱ्या, पण अपुऱ्या. पाहुणा म्हणून दोन दिवसांत उरकले जाणारे कोल्हापूर आणि राहायला आल्यावर हळूहळू उलगडणारे कोल्हापूर यांत मोठे अंतर आहे. हे अंतर कापण्याचा सर्वांत जवळचा रस्ता येथील खाण्याच्या ठिकाणांवरून जातो.

एका हॉटेलाचा इतिहास

परक्याला आपल्या पंक्तीत घेण्याची गोष्ट कोल्हापूरच्या इतिहासातच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय झाल्याशिवाय शिक्षणाची दारे खऱ्या अर्थाने उघडणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. दसरा चौकाच्या परिसरात या वसतिगृहांच्या इमारती आजही पाहायला मिळतात.

त्याहूनही बोलका आहे तो गंगाराम कांबळे यांचा प्रसंग. संस्थानच्या नोकरीत असलेल्या गंगाराम यांना पाण्याच्या हौदाला स्पर्श केल्यावरून मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगाराम यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास गावकरी तयार नव्हते. तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा मागवत आणि बरोबरच्या मंडळींनाही देत. सर्किट बेंचचे कामकाज जेथे सुरू झाले, ती जुन्या न्यायालयाची इमारत आणि सीपीआर रुग्णालय याच परिसरात आहेत. न्यायालयाच्या कामासाठी येणाऱ्याने या रस्त्यावर चहा घेताना ही आठवण ठेवावी.

सकाळ मिसळीची

कोल्हापूरच्या मिसळीचा प्राण तिच्या ‘कटा’त आहे. मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव-चिवडा, कांदा, लिंबू आणि त्यावर तर्रीदार लाल रस्सा. हा रस्सा म्हणजे कट. पुण्या-मुंबईच्या माणसाला येथे पहिला धक्का बसतो तो पावाचा. मिसळीबरोबर येतात ते ब्रेडचे जाड स्लाइस. कट संपला तर पुन्हा मागण्यात संकोच नसावा, तो आढेवेढे न घेता वाढला जातो. बटाटेवडा याच रश्शात बुडवून दिला की त्याचा ‘कटवडा’ होतो.

यंत्रशाळा आणि कारखान्यांची जुनी वसाहत असलेल्या उद्यमनगरातील फडतरे, महाद्वार रस्त्यावरील चोरगे, कसबा बावड्याची बावडा मिसळ आणि खासबागेजवळची मिसळ ही नावे स्थानिकांच्या तोंडी नेहमी येतात. यांतील सर्वांत चांगली कोणती, हा वाद नव्या माणसाने सोडवू नये. प्रत्येक पेठेचे मत वेगळे असते आणि ते बदलत नाही. मिसळीला जायचे ते मात्र सकाळीच. दुपारनंतर पातेल्यांचा तळ दिसू लागतो.

तांबडा आणि पांढरा

मटणाच्या ताटात सुके मटण, भाकरी किंवा चपाती, भात आणि दोन वाट्यांत दोन रस्से, ही येथील मांडणी. मटण शिजवताना निघणाऱ्या पाण्याला ‘अळणी’ म्हणतात. त्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ, काजू यांचे वाटण घालून पांढरा रस्सा होतो. तांबड्या रश्शात भाजलेले सुके खोबरे, तीळ, कांदा आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूण चटणी असते.

ही चटणी कोल्हापूरच्या स्वयंपाकाचा पाया आहे. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणून, मसाले भाजून वर्षभराची चटणी डंकावर कुटून आणण्याची प्रथा घरोघरी आहे. संकेश्वरी तिखटासाठी, ब्याडगी रंगासाठी. त्यामुळे प्रत्येक घरच्या आणि प्रत्येक खानावळीच्या रश्शाची चव वेगळी असते. तांबडा रस्सा म्हणजे नुसता जाळ, ही बाहेरची समजूत आहे. चांगल्या रश्शात तिखटाआधी खोबऱ्याची आणि भाजलेल्या मसाल्याची चव लागते. रंग पाहूनच घाबरलेल्यांनी आधी पांढरा रस्सा प्यावा आणि मग तांबड्याकडे वळावे.

ओपल, पद्मा गेस्ट हाऊस अशी जुनी, नावाजलेली ठिकाणे पाहुण्यांना घेऊन जाण्यासाठी योग्य. रोजच्या जेवणासाठी मात्र घरगुती खानावळ शोधावी. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या राजारामपुरीच्या गल्ल्यांत आणि विद्यापीठाच्या बाजूला विद्यार्थी व नोकरदारांसाठी डबे पुरविणारी घरे आहेत. त्यांचे फलक मोठे नसतात. शेजाऱ्याला किंवा कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारणे, हीच त्यांची जाहिरात.

शाकाहारींची चिंता

मटणाच्या लौकिकामुळे शाकाहारी कुटुंबे कोल्हापूरची बदली ऐकून धास्तावतात. ती भीती अनाठायी आहे. देवस्थानामुळे मंदिराच्या परिसरात शाकाहारी भोजनालयांची वाण नाही. धाब्यांवर मिळणारा अख्खा मसूर आणि रोटी, झुणका-भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि दही हे जेवण मटणाच्या ताटापुढे उणे पडत नाही. न्याहारीला दावणगिरी लोणी डोसा आहे. लहान मुलांसाठी ‘कट वेगळा द्या’ एवढे सांगितले तरी काम भागते.

संध्याकाळ रंकाळ्यावर

संध्याकाळी शहर रंकाळ्याकडे लोटते. तलावाच्या एका काठाला १९३०च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस आहे, पाण्यात संध्यामठ आहे आणि चौपाटीवर भेळ, कणीस, आइस्क्रीम यांच्या गाड्या आहेत. येथे ‘कॉकटेल’ मागितले तर दचकण्याचे कारण नाही. आइस्क्रीम, फळे, जेली आणि सुकामेवा यांच्या थरांनी भरलेल्या ग्लासाला कोल्हापुरात हे नाव आहे.

गंगावेशीतील दूध कट्टा हा मात्र खास कोल्हापूरचा. म्हैस समोर उभी असते आणि धारोष्ण दूध फेसासकट ग्लासात मिळते. तालमीत घाम गाळून आलेले पैलवान आणि त्यांच्या शेजारी नातवाचे बोट धरून आलेले आजोबा, असे दृश्य येथे दिसते. पोटाला सवय नसलेल्यांनी मात्र कच्च्या दुधाच्या मोहात पडू नये.

तालमींचा हा वारसा पाहायचा तर खासबाग मैदान गाठावे. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेल्या या कुस्तीच्या मैदानात बसायच्या जागा अशा उतरत्या आहेत की कोठूनही आखाडा दिसावा. शेजारीच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. नाट्यगृह जळताना पाहून शहर अक्षरशः रडले आणि त्यानंतर त्याच्या पुनर्उभारणीचे काम हाती घेण्यात आले. खासबागेच्या परिसरातील राजाभाऊंची भेळ आणि खाऊगल्ली ही नाटक-कुस्ती पाहून बाहेर पडणाऱ्यांची जुनी वहिवाट आहे.

गर्दी टाळून पाहण्यासारखे

अंबाबाईच्या मंदिरात राहणाऱ्याने सुटीच्या दिवशी जाऊ नये, आठवड्यात मधल्या दिवशी पहाटे जावे. तेव्हा काळ्या दगडातील कोरीव काम निवांत पाहता येते. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत किरणोत्सव असतो. मावळतीची किरणे महाद्वारातून येत गाभाऱ्यातील मूर्तीपर्यंत पोहोचतात. ढग किंवा धुके आडवे आले तर निराशा पदरी येते. मंदिरालगत भवानी मंडप असून कोल्हापुरी चपलांची बाजारपेठही जवळच आहे.

भाऊसिंगजी रस्त्यावरील टाऊन हॉल संग्रहालय अनेक जुन्या कोल्हापूरकरांनीही पाहिलेले नसते. पंचगंगेच्या काठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात झालेल्या उत्खननातील वस्तू येथे आहेत. समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती त्यांत प्रसिद्ध आहे. प्राचीन काळी या गावाचा व्यापार रोमन जगापर्यंत पोहोचला होता, याचा तो पुरावा.

कसबा बावडा रस्त्यावरील न्यू पॅलेस १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. वास्तुशिल्पी चार्ल्स मांट यांनी काळ्या दगडात उभारलेल्या या वाड्याच्या मनोऱ्यावरील घड्याळ दुरूनही दिसते. आतल्या संग्रहालयात शस्त्रे, छायाचित्रे आणि शाहू महाराजांच्या वापरातील वस्तू आहेत. बावड्याची मिसळ आणि न्यू पॅलेस एका सकाळीत सहज जमते.

रविवारची सहल

पन्हाळा सुमारे २० किलोमीटरवर. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून छत्रपती शिवाजी महाराज जुलै १६६० मध्ये याच गडावरून विशाळगडाकडे निसटले. तीन दरवाजा, सज्जा कोठी आणि धान्याचे प्रचंड अंबरखाने पाहण्याजोगे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेशा’तील १२ किल्ल्यांमध्ये पन्हाळ्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. गडावर झुणका-भाकरी मिळते. वाटेत वाडी रत्नागिरीचा जोतिबा आहे. चैत्र यात्रेत तेथे गुलालाने डोंगर रंगतो.

नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताचे दर्शन घेऊन बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी घेऊन परतण्याची रीत आहे. तेथून पुढे खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर चुकवू नये. शिलाहार काळातील या मंदिराच्या स्वर्गमंडपाचे छत मध्यभागी गोलाकार उघडे आहे आणि ४८ खांब त्याभोवती उभे आहेत. जंगलाची आवड असणाऱ्यांना गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले राधानगरी अभयारण्य आहे. हिवाळ्यात ग्रामीण भागात गुऱ्हाळे पेटतात. तेव्हा रस्त्यालगतच्या गुऱ्हाळावर थांबून ताजा गूळ आणि काकवी चाखावी.

पावसाळ्यातील सावधगिरी

नव्या माणसाला कोणी आवर्जून न सांगणारी पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंचगंगेचे पाणी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शहराचे मोठे नुकसान केले. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर सकाळी आधी हे आकडे पाहतात. घर भाड्याने घेताना ‘२०१९ ला येथे पाणी आले होते का?’ हा प्रश्न घरमालकाला आणि त्याच्या शेजाऱ्यालाही विचारावा. पूर आला की नृसिंहवाडीचे मंदिर पाण्याखाली जाते आणि अनेक रस्ते बंद होतात. सहलीचे बेत त्यानुसारच आखावेत.

ओळखीची खूण

येथील बोली पहिल्यांदा रांगडी वाटते. स्त्रियाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, ‘भावा’ हे संबोधन अनोळखी माणसालाही मिळते आणि ‘बसा की’, ‘खावा की’ यातील ‘की’ आग्रहाचा असतो. पत्ता विचारताना तिकटी, वेस आणि तालीम हे शब्द उपयोगी पडतात. तीन रस्ते मिळतात ती तिकटी आणि जुन्या गावाचे प्रवेशद्वार ती वेस. तालीम हा तर पेठेचा मानबिंदू. कुस्ती, फुटबॉल आणि गणेशोत्सव तिच्याभोवतीच फिरतात. शाहू स्टेडियमवरील तालमींचे फुटबॉल सामने एकदा तरी पाहावेत, मात्र कोणाच्या बाजूने ओरडायचे हे बसण्यापूर्वी ठरवावे.

हॉटेलातले जेवण पैसे देऊन मिळते. कोल्हापुरात त्यापलीकडे ‘रस्सा मंडळ’ नावाची एक व्यवस्था आहे. मित्रमंडळींनी वर्गणी काढायची, शेतावर किंवा नदीकाठी चूल मांडायची आणि स्वतः रस्सा करून पंगत बसवायची. याचा फलक नाही, पत्ता नाही आणि आगाऊ नोंदणीही नाही. कार्यालयातला सहकारी किंवा शेजारी एखाद्या शनिवारी सहज म्हणतो, ‘रविवारी या की रश्श्याला.’ हे निमंत्रण आले की बदली होऊन आलेला माणूस कोल्हापूरकर झाला, असे समजण्यास हरकत नाही.