दुष्काळी मुलखातील चित्रदालन : औंधची कथा

१/ जालना–मंठा रस्त्यावरील वाटूरसारख्या गावात उद्या कोणी चित्रदालन काढतो म्हणाला, तर त्याला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतील. पाहायला येणार कोण? आणि जिथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची भ्रांत, तिथे चित्रे हवीत कशाला? महाराष्ट्रातील एका लहानशा गावाने या प्रश्नांना १९३८ सालीच उत्तर दिले. ते गाव म्हणजे सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध. आजचा धागा त्याविषयी.

२/ औंध ही पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी. संस्थान अवघे ७२ गावांचे, तेही तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले. मुलूख पर्जन्यछायेचा, उत्पन्न बेताचे. बडोदे किंवा म्हैसूर यांच्या वैभवाशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणूनच औंधचे उदाहरण लहान गावांना जवळचे वाटावे.

३/ १९०९ साली गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. रामायणातील प्रसंगांवर त्यांनी काढलेल्या चित्रांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून ते ठाऊक आहेतच. शिवाय ते कीर्तनही करीत. लोकांसमोर उभे राहून कथा सांगण्याची ही सवय त्यांच्या चित्रसंग्रहाच्या दृष्टीतही उतरली असावी, असे मला वाटते.

४/ मराठवाड्याशीही त्यांचा एक धागा जुळतो. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथील लेण्यांवर भवानरावांनी लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक १९३२ साली निघाले. त्यांच्याच निमंत्रणावरून औंधास येऊन राहिलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर आज वेदांचे भाष्यकार म्हणून परिचित आहेत. परंतु मूळचे ते चित्रकार, आणि काही वर्षे हैदराबादेत चित्रकारीवरच त्यांचा चरितार्थ चालला होता.

५/ १९३८ साली औंधास ‘श्री भवानी चित्रसंग्रहालय’ उभे राहिले. जागेची निवड पाहा. राजवाड्याच्या आत नव्हे, तर यमाई देवीच्या डोंगरावर. यमाई अनेक घराण्यांची कुलदेवता. पौषातील यात्रेला आणि एरवीही भाविकांचे पाय तिकडे वळतातच. ‘पाहायला येणार कोण?’ या प्रश्नाचे उत्तर या जागेतच आहे. प्रेक्षक नव्याने गोळा करावा लागला नाही. जिथे लोक पिढ्यानपिढ्या येत होते, तिथेच चित्रे नेऊन ठेवली गेली.

६/ आत काय आहे? राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे, एम. व्ही. धुरंधरांची चित्रे, भारतीय लघुचित्रे, पाश्चात्त्य शिल्पांच्या प्रतिकृती आणि हेन्री मूर या जगद्विख्यात इंग्रज शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे पाषाणशिल्प. रविवर्म्याची छापील चित्रे तेव्हा घरोघरी भिंतीवर होती. देवीला आलेला शेतकरी घरच्या भिंतीवरील चित्रांच्या निर्मात्याचे अस्सल काम इथे डोळ्यांनी पाहू शकत होता. त्यासाठी त्याला मुंबई गाठावी लागत नव्हती.

७/ आता दुसरा, कठोर प्रश्न : दुष्काळात चित्रे कशाला? याचे उत्तर त्याच काळातील दुसऱ्या घटनेत सापडते. जानेवारी १९३९ मध्ये औंधने स्वराज्याची घटना स्वीकारली. तिच्या घडणीत महात्मा गांधींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडमध्ये जन्मलेले अभियंता मॉरिस फ्रिडमन यांचे परिश्रम होते. ग्रामपंचायत हा तिचा पाया. म्हणजे साधारण एकाच वर्षात राजाने सत्ता लोकांच्या हाती देण्याचा मार्ग धरला आणि संग्रह लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवला. ज्याला राज्यकारभाराचा अधिकार आहे, त्याला सौंदर्याचाही अधिकार आहे, असा या दोन कृतींचा एकत्रित अर्थ मी लावतो.

८/ मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. तीन वर्षांनी भवानरावही गेले. आश्रयदाता गेला की त्याचा संग्रह विस्कटतो, हा सर्वत्र येणारा अनुभव. औंधचे दालन मात्र टिकले, कारण विलीनीकरणापूर्वी दहा वर्षे ते गावाची ओळख होऊन बसले होते. आज ते राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे.

९/ ‘हे राजालाच शक्य,’ असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर मराठवाड्यात आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या मातीत सापडणाऱ्या प्राचीन वस्तू आयुष्यभर जमविल्या. त्यांच्याजवळ ना गादी होती, ना संस्थान. त्या संग्रहावरच तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे आणि त्याला लामतुऱ्यांचेच नाव आहे.

१०/ तरीही उभारणे सोपे, चालविणे कठीण. तैलचित्राला ओल मारक, तसेच कडक ऊनही. लघुचित्राचा कागद कसरीला आवडतो. पावसाळ्याआधी छप्पर तपासणारा, धूळ झटकणारा, आलेल्या शाळकरी मुलांना चित्रासमोर थांबवून दोन शब्द सांगणारा माणूस रोज लागतो. राजाश्रय असो वा शासनाश्रय, या माणसावाचून दालनाचे कोठार व्हायला वेळ लागत नाही.

११/ तेव्हा वाटूर असो वा दुसरे कुठले गाव, औंध आणि तेर मिळून तीन गोष्टी सांगतात : दालन लोकांच्या वाटेवर असावे, त्यात लोकांच्या ओळखीचे काही असावे, आणि मालक गेल्यावर ते कोणाचे, हे मालक असतानाच ठरावे. औंधला गेलात तर देवीचे दर्शन झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. ती चित्रे तुमच्यासाठीच तिथे नेऊन ठेवलेली आहेत.

धागा समाप्त.