सुरतेच्या वेफरांची चव

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला १६६४ आणि १६७० या सालांतील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात. त्याच शतकात पश्चिम किनाऱ्यावर आणखी एक स्वारी चालू होती. ती दूरदेशच्या कंदांची व फळांची होती, आणि ती आजही आपल्या ताटात तळ देऊन आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७५च्या सुमारास सुरत व जुन्नर या भागांत वावरत होता. सुरतेच्या बागांतील ‘पोटॅटो’चा उल्लेख त्याच्या प्रवासवृत्तात सापडतो. ते रताळे असावे, असे काही अभ्यासक मानतात; कारण ‘बटाटा’ हा शब्दच मुळी कॅरिबियन बेटांवर रताळ्याला लावला जात असे. पोर्तुगिजांनी तो इकडे आणला. उत्तरेने नव्या कंदाला ‘आलू’ हे आपले जुने नाव दिले. मराठी आणि गुजराती मात्र ‘बटाटा’ म्हणत राहिल्या. मिरचीची कथा याच्या उलट आहे. तीही पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेहून आली. परंतु मिऱ्याची जागा तिने घेतली, तेव्हा नावही त्याचेच घेतले. गुजरातीतही ‘मरी’वरून ‘मरचुं’ झाले.

बटाट्याचे पातळ काप तळण्याची रीत १९व्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत रूढ झाली. त्यांवर बहुधा केवळ मीठ असे. १९५४ साली डब्लिनच्या ‘टेटो’ कंपनीने चीज-कांद्याची चव आणली, तिचा तिकडे मोठा गवगवा झाला. आपल्या फरसाणवाल्याला मात्र गरम कापांवर तिखट-मीठ भुरभुरण्यास कोणाच्या शोधाची गरज नव्हती. हीच मसाल्याची चव पुढे कारखान्यात गेली. राजकोटच्या एका चित्रपटगृहाच्या उपाहारगृहात १९७४ पासून काम करणाऱ्या विराणी बंधूंनी १९८२ साली घरी वेफर तळावयास आरंभ केला. त्यांच्या ‘बालाजी’चा कारखाना २००८ साली सुरतेच्या दक्षिणेस, वलसाडला उभा राहिला.

सुरतेच्या दुकानांत या मसाला वेफरांशेजारी कच्च्या केळ्याचे, मिरपूड लावलेले वेफरही असतात. जैन आचारात कंदमुळे वर्ज्य. तेव्हा बटाट्याची जागा केळ्याने घेतली. केळे आणि मिरे दोन्ही या भूमीत पुरातन आहेत. पण म्हणून बटाटा परका ठरला काय? तो नाकारला गेला तो परदेशी म्हणून नव्हे, जमिनीखाली वाढतो म्हणून. उलट एकादशीला गहू-तांदूळ वर्ज्य असतात आणि बटाटा व मिरची फराळात बसतात, कारण तेथे निषेध धान्याचा आहे. दोन्ही नियमांनी पाहुण्याचे कूळ विचारले नाही; त्याचा गुणधर्म पाहिला. परका पदार्थ आपला झाला तो याच वाटेने, आणि आज त्याच्या परकेपणाची आठवण केवळ ‘बटाटा’ या एका शब्दात उरली आहे.