खानदेशातील शासकीय आरोग्यसेवा आणि डॉक्टरांपुढील नैतिक पेच : धुळे (२०१७) व जळगाव (२०२०) यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

वैद्यकीय नीतिशास्त्राची चर्चा बहुधा डॉक्टर आणि रुग्ण या दोघांपुरती केली जाते. रुग्णाचे हित, संमती आणि गोपनीयता हे तिचे नेहमीचे विषय होत. शासकीय रुग्णालयात मात्र या दोघांच्या मध्ये शासन, कायदा आणि उपलब्ध साधनसामग्री उभी असते. डॉक्टरांपुढील अनेक नैतिक पेच व्यक्तीच्या सचोटीतून नव्हे, तर व्यवस्थेतील उणिवांतून निर्माण होतात. प्रस्तुत लेखात धुळे व जळगाव येथील दोन घटनांच्या आधारे आणि १८९७ च्या साथरोग कायद्याच्या पार्श्वभूमीवर या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्लेग आणि १८९७ चा कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. त्यानंतर ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने शासनाला व्यापक अधिकार दिले आणि सद्हेतूने कार्य करणाऱ्या अधिकाऱ्यांना संरक्षण दिले. रुग्णाच्या हक्कांविषयी त्यात एकही कलम नव्हते. तत्कालीन खानदेश जिल्हा मुंबई इलाख्यात मोडत असल्याने तोही या कायद्याच्या कक्षेत आला. याच जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले आणि त्यांतूनच पुढे आजचे जळगाव व धुळे हे जिल्हे, तर १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा आकारास आला.

प्लेगकाळात घरझडती, प्रवाशांची तपासणी आणि सक्तीचे विलगीकरण यांमुळे डॉक्टर हा लोकांच्या दृष्टीने उपचारकर्ता न राहता सत्तेचा प्रतिनिधी ठरला. पुण्यात या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी प्लेगग्रस्तांची शुश्रूषा केली. या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. साथ एकच होती, परंतु वैद्यकाची दोन रूपे समाजाने एकाच वेळी पाहिली.

धुळे : असमर्थतेचे सत्य

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकत्र येतात. सातपुड्यातील आदिवासी रुग्णांचा भारही येथील शासकीय रुग्णालयावर पडतो. मार्च २०१७ मध्ये डोक्याला इजा झालेल्या एका रुग्णास येथे आणण्यात आले. मेंदूशल्यचिकित्सक उपलब्ध नसल्याने निवासी डॉक्टरांनी रुग्णास अन्यत्र हलविण्यास सांगितले. त्यावर नातेवाइकांनी त्यांना बेदम मारहाण केली व त्यांच्या डोळ्यास गंभीर दुखापत झाली.

या प्रसंगी डॉक्टरांचे नैतिक कर्तव्य कोणते होते? २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णास दुसऱ्या डॉक्टरकडे पाठविणे मान्य आहे. मात्र तातडीच्या प्रसंगी उपचार करणे बंधनकारक आहे. परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयानेही हेच कर्तव्य अधोरेखित केले. परंतु जो उपचार रुग्णालयात उपलब्धच नाही तो देण्याचे बंधन कोणावर? पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्याच्या निकालात (१९९६) याचे उत्तर मिळते. त्यातही डोक्याला इजा झालेला रुग्ण अनेक रुग्णालयांतून परत पाठविला गेला होता. सुविधांच्या अभावी तातडीचे उपचार नाकारले जाणे हा जीविताच्या हक्काचा भंग असून त्याची जबाबदारी शासनाची आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. धुळ्यात या जबाबदारीची शिक्षा मात्र समोर दिसणाऱ्या डॉक्टरला मिळाली.

त्यानंतर इतरत्रही हल्ले झाल्याने राज्यातील सुमारे चार हजार निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. येथे दुसरा पेच उद्भवतो. डॉक्टरला सुरक्षित वातावरणात काम करण्याचा हक्क निश्चितच आहे. परंतु शासकीय रुग्णालयाचे दार बंद झाले तर ज्याला दुसरे दार नाही अशा गरीब रुग्णाचीच हानी होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर डॉक्टर कामावर परतले आणि शासनाने सुमारे अकराशे सुरक्षारक्षक नेमण्याचे आश्वासन दिले. रक्षकांचा आकडा ठरला. परंतु ज्या तज्ज्ञाच्या अभावातून हा प्रसंग उद्भवला त्याचा प्रश्न चर्चेच्या केंद्रस्थानी आला नाही, हे लक्षणीय होय.

जळगाव : कर्तव्य आणि मर्यादा

जळगावच्या जिल्हा रुग्णालयाशी संलग्न शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. अवघ्या दोन वर्षांत त्याला कोविडच्या साथीस सामोरे जावे लागले. जून २०२० मध्ये येथे दाखल झालेल्या एका वृद्ध महिला रुग्णाचा मृतदेह, ती बेपत्ता झाल्यानंतर आठ दिवसांनी रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात आढळला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. साथीच्या काळात संसर्गाच्या भीतीने डॉक्टरांनी कर्तव्य सोडू नये, असे आचारसंहिता सांगते. तथापि, रुग्णाकडे लक्ष देणे हेही त्या कर्तव्याचेच अंग होय. दाखल झालेला रुग्ण कोठे आहे हे आठ दिवस कोणासही ठाऊक नसावे, याचे समर्थन मनुष्यबळाच्या तुटवड्याने होऊ शकत नाही. त्याचबरोबर केवळ निलंबनाने तो तुटवडाही नाहीसा होत नाही.

याच वर्षी १८९७ चा कायदा पुन्हा वापरात आला. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आरोग्यसेवकांवरील हिंसा दखलपात्र व अजामीनपात्र ठरली आणि गंभीर दुखापतीसाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. महाराष्ट्रात याविषयी २०१० पासून स्वतंत्र कायदा अस्तित्वात होता. तरीही धुळ्याची घटना टळली नव्हती.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, सव्वाशे वर्षांत कायद्याने डॉक्टरांचे संरक्षण वाढविले, परंतु रुग्णाला आवश्यक साधने मिळण्याची हमी त्या प्रमाणात दिली नाही. धुळ्यात डॉक्टरने सत्य सांगितले आणि मार खाल्ला. जळगावात रुग्णाकडे कोणाचे लक्षच राहिले नाही. पहिल्या घटनेत व्यक्तीस दोष देणे अन्यायाचे आहे, तर दुसऱ्या घटनेत केवळ व्यवस्थेस दोष देणे पळवाटेचे ठरेल. हा विवेक ठेवल्याशिवाय नैतिक जबाबदारी निश्चित करता येणार नाही. जिल्हा रुग्णालयांत तज्ज्ञांची उपलब्धता, रुग्णास पुढे पाठविण्याची निश्चित व्यवस्था आणि नातेवाइकांशी नियमित संवाद या बाबी केवळ प्रशासकीय नसून नैतिक स्वरूपाच्या आहेत. त्यांची पूर्तता झाली तरच ‘येथे उपचार होऊ शकत नाही’ हे डॉक्टरचे वाक्य रुग्णाला नकार न वाटता योग्य उपचाराकडे जाणारा मार्ग वाटेल.