स्टीपलचेस : रिओमधील ललिता बाबर

स्टीपलचेस ही ३००० मीटर अंतराची अडथळ्यांची शर्यत आहे. धावपटूला २८ अडथळे आणि पाण्यावरील ७ उड्या पार कराव्या लागतात. अडथळा पक्का असल्याने धडकेने तो पडत नाही, धावपटू मात्र पडू शकतो. महिलांसाठी ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये २००८ साली बीजिंग येथे प्रथम घेण्यात आली.

सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर मॅरेथॉनकडून या प्रकाराकडे वळली. २०१४ च्या इंचिऑन आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने कांस्यपदक मिळविले, तर २०१५ मध्ये वुहान येथे ती आशियाई विजेती ठरली. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत तिला आठवे स्थान मिळाले.

रिओ ऑलिम्पिकच्या प्राथमिक फेरीत १३ ऑगस्ट २०१६ रोजी तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला धावपटू ऑलिम्पिकच्या ट्रॅकवरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली. १५ ऑगस्टच्या अंतिम शर्यतीत बहारीनच्या रुथ जेबेटने ८ मिनिटे ५९.७५ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. ललिता ९ मिनिटे २२.७४ सेकंदांत दहावी आली.

पदकतालिकेत दहाव्या क्रमांकाची नोंद होत नाही. मात्र तिचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षे अबाधित राहिला. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पारुल चौधरीने तो मोडला.